रोथेनबुर्ग तीन तासांत होतं का? (आई-बाबांबरोबर, पायी)

शेवंती
नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. सप्टेंबरमध्ये आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच येतायत, पाच आठवडे आहेत. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे मी विचारून पाहिलं, पण बाबांचं एकच चाललंय, "तिकडचं तटबंदीचं एखादं गाव दाखव, बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल." आयुष्यभर गड पालथे घातलेत त्यांनी आणि आता सत्तरीला आले तरी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतात. आईचे गुडघे मात्र दुखतात, चढताना कमी, उतरताना जास्त.

तर रोथेनबुर्ग ऑब डेर टाउबरला न्यावं असं डोक्यात आहे. पण ऑफिसमधले म्हणतात तीन तासांत होतं, चौकात फोटो काढा, श्नेबाल (तिथली तळलेली मिठाई) खा आणि परत या. एकजण तर म्हणाला ते सगळं युद्धानंतर बांधलेलं नकली आहे, कशाला जाता. मी स्वतः एकदाच गेलेय, डिसेंबरात, तेव्हा गर्दीत नाताळबाजाराशिवाय काही दिसलंच नव्हतं. एका दिवसात जाऊन यावं की मुक्काम करावा? तटावर चढायला आईला जमेल का? आणि तो नकलीचा मुद्दा खरा आहे का, कारण बाबांना असलं लगेच कळतं आणि मग ते दिवसभर गप्प बसतात.

म्युनिककर
मुक्काम करा. बाकीचं नंतर लिहितो, मीटिंग आहे.

खडीसाखर
आम्ही दिवसात जाऊन आलो होतो, मजा आली, मुक्कामाची गरज वाटली नाही. न्यूरेंबर्गहून आन्सबाख, तिथून श्टाइनाख आणि श्टाइनाखला छोटी गाडी पकडायची, ती पंधरा मिनिटांत पोचवते. बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट) काढा, पाचजणांपर्यंत चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही. स्टेशनवरून गाव दहा मिनिटं, सरळ र्‍योडरटोरमधूनच (टोर म्हणजे वेस) आत शिरता.
श्नेबाल ओव्हररेटेड आहे.

तटबंदी
शेवंतीताई, तुमच्या बाबांसारखाच मी, त्यामुळे राहवत नाहीये. तीन तासांत चौक होतो, गाव होत नाही.

बघा, या गावाला साधारण साडेतीन किलोमीटरचा तट आहे आणि त्यातल्या अडीच किलोमीटरवर फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालता येतं. आपल्याकडे फांजी उघडी असते, इथे डोक्यावर लाकडी वाशांचं कौलारू छप्पर आहे, एका हाताला दगडी भिंत आणि तिच्यात जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, दुसऱ्या हाताला लाकडी कठडा आणि खाली लोकांची परसं. तिकीट नाही, फाटकही नाही, जिना दिसला की चढायचं. उंच माणसाने डोकं सांभाळायचं एवढंच.

आणि आईंच्या गुडघ्यांचं म्हणाल तर तटावर एकदा चढलं की वाट बऱ्यापैकी सपाट आहे. म्हणजे एकदा चढायचं, हवं तेवढं चालायचं, एकदा उतरायचं. क्लिंगेनटोरला चढा आणि र्‍योडरटोरला उतरा, अर्धा-पाऊण तास रमतगमत. पायऱ्या दगडी आहेत, सरळ आहेत, कठडा आहे. टाउन हॉलच्या मनोऱ्यावर मात्र त्यांना नेऊ नका, २२० पायऱ्या आणि शेवटी शेवटी जवळजवळ शिडीच. बाबांना एकट्यांना पाठवा.

मीठमिरची
खडीसाखर, श्नेबालला नावं ठेवू नका :) तो चिरोट्याचा लांबचा भाऊ आहे. पिठाच्या पोळीला कापे देऊन पट्ट्या करायच्या, त्या काठीवर वरखाली ओवून गोळा करायचा, गोल साच्यात धरून तळायचा आणि वर पिठीसाखर. शेवंती, आई अंडं खात नसतील तर आधीच सांग त्यांना, पिठात अंडी असतात. आणि मोठ्या दुकानांच्या काचेत चॉकलेट-पिस्त्याचे पंचवीस प्रकार मांडलेले असतात ते नको, बेकरीत जाऊन साधा, त्या दिवशीचा घे.

खडीसाखर
चिरोट्याला पदर सुटतात हो. श्नेबालला नुसता भुगा सुटतो.

जुनापेठी
नकलीच्या मुद्द्यावर लिहितो, कारण हे वाक्य मीही खूप ऐकलंय आणि ते अर्धंच खरं आहे.

३१ मार्च १९४५ ला, युद्ध संपायला जेमतेम पाच आठवडे उरलेले असताना, या गावावर बॉम्ब पडले. ३९ माणसं गेली, ३०६ घरं गेली, तटावरचे नऊ बुरूज गेले आणि सहाशे मीटरच्या वर तट कोसळला. हे सगळं प्रामुख्याने पूर्वेकडे. चौक, सेंट याकोब चर्च, हेर्नगासे, पश्चिमेचा जुना भाग हे बरंचसं वाचलं. म्हणजे तुमचे सहकारी जे 'सगळं' म्हणतात ते सगळं नाही.

त्यानंतर काही दिवसांत अमेरिकन फौजा गावाच्या तोंडाशी आल्या. जॉन मॅक्लॉय हे तेव्हा अमेरिकेच्या युद्धखात्यात सहायक सचिव होते. त्यांच्या आईने पूर्वी हे गाव पाहिलेलं आणि तिचं फार आवडतं होतं. त्यांनी तोफा न डागता गाव ताब्यात घ्यायला सांगितलं. सैनिकांची छोटी तुकडी पांढरं निशाण घेऊन गेली आणि आतल्या जर्मन अधिकाऱ्याने, शेवटपर्यंत लढायचा हिटलरचा हुकूम असताना, गाव सोडून द्यायचं कबूल केलं. १७ एप्रिलला गाव अमेरिकनांकडे गेलं. पुढे १९४८ मध्ये मॅक्लॉयना गावाने मानाचं पद दिलं.

पडलेला तट मग लोकवर्गणीतून उभा राहिला. ज्याने जितके मीटर दिले तितके मीटर त्याच्या नावे, दगडी पाटीवर. पूर्वेकडच्या फांजीवरून चालताना भिंतीत त्या पाट्या दिसतात, जगभरातली नावं, जपानी नावं तर कितीतरी. बाबांना तिथेच न्या आणि दाखवा की इथून इथपर्यंत पडलेलं, इथून पुढे मूळचं. जे पडलं ते त्यांनी लपवलेलं नाही, भिंतीवर लिहून ठेवलंय. याला मी नकली म्हणणार नाही.

रानवारा
जुनापेठी, सगळं पटलं तरी एक सांगतो. पूर्वेकडची घरं जुन्या साच्यात बांधली पण आतून ती पन्नासच्या दशकातली घरं आहेत. खिडक्या एकसारख्या, भिंती सरळ. पश्चिमेला घरं वाकडी, एकमेकांवर रेललेली. नीट बघितलं की फरक दिसतो. खोटं नाही म्हणत, पण "मध्ययुगात गेल्यासारखं वाटतं" असं जे म्हणतात ते मला नाही वाटलं. गाव फार आवरलेलं आहे, प्रत्येक खिडकीत जिरेनियम. आपल्या जुन्या वाड्यात कसं एका खोलीत कांदे वाळत घातलेले असतात, एका कोपऱ्यात मोडका पाळणा असतो, तसं काहीतरी हवं होतं.

तटबंदी
रानवारा, कांदे हवेत तर श्पिटालच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, बाजूला जायला हवं होतं, तिथे तटाखाली लोकांच्या बागा आहेत, लाकडाच्या मोळ्या रचलेल्या, कपडे वाळत घातलेले. चौकापासून दहा मिनिटं लांब आहे म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही.

रानवारा
श्पिटालला नव्हतो गेलो. बरं, पुढच्या वेळी.

म्युनिककर
आलो परत. मुक्काम का, ते सांगतो. आम्ही दोनदा गेलो, एकदा दिवसात आणि एकदा राहून, आणि ती दोन वेगळी गावं आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला बस यायला लागतात, पाच-साडेपाचला जातात. त्यानंतर गाव एकदम मोकळं होतं, आत राहणारे लोक कुत्री घेऊन बाहेर पडतात, फरशीवर स्वतःची पावलं ऐकू येतात. आणि रात्री आठला चौकातून रात्रपहारेकरी निघतो, काळा झगा, हातात परशू लावलेला भाला, कंदील आणि गळ्यात शिंग. आठला इंग्रजीत, साडेनऊला जर्मनमध्ये. तासभर त्याच्यामागे चालायचं आणि पैसे शेवटी द्यायचे, रोख ठेवा. बुर्गटोरपाशी नेतो आणि वेशीवरचा दगडी मुखवटा दाखवतो, त्याच्या तोंडातून म्हणे शत्रूवर उकळती राळ ओतायचे. आणि तिथल्या मोठ्या दारात एक छोटं दार आहे, रात्री वेस बंद झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाला त्यातून एकेकट्याने वाकून आत यावं लागायचं.

दिवसात परत गेलात तर यातलं काहीच मिळत नाही.

तटबंदी
दिंडी दरवाजा! वाकून येणाऱ्याचं डोकं आधी आत येतं, पाहाऱ्यावरच्याला सोपं. जगात सगळीकडे तेच.

मीठमिरची
आणि वेस बंद झाली की बंद. मला तिथे उभं राहून हिरकणी आठवली होती. मुलीला गोष्ट सांगितली तर ती विचारते इथे कडा कुठाय. म्हटलं चल बागेत. बुर्गगार्टनच्या कठड्यावरून खाली टाउबरची दरी दिसते, तिला एकदम पटलं.

जुनापेठी
बुर्गगार्टन म्हणजे मूळचा किल्ला बरं का. १३५६ च्या भूकंपात पडला आणि त्याचे दगड तटाला वापरले. आता तिथे बाग आणि एक लहान चॅपल उरलंय. आई-बाबांना तिथे बाकावर बसवा. चौकातून हेर्नगासेने सरळ गेलं की येतंच, वाट जवळजवळ सपाट.

खडीसाखर
ते घड्याळ कुणी सांगितलं नाही अजून. चौकात दर तासाला दोन खिडक्या उघडतात, एकीत सेनापती आणि दुसरीत नगराध्यक्ष, तो वाइनचा घडा तोंडाला लावतो. १६३१ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, सेनापती टिलीच्या फौजेने गाव घेतलं तेव्हा म्हणे पैज लागली, सव्वातीन लिटर वाइन एका दमात कुणी प्यायलं तर गाव सोडतो. माजी नगराध्यक्ष नुश प्यायला आणि गाव वाचलं. १८८१ पासून याचं नाटक करतात, दरवर्षी पेंटेकोस्टच्या ख्रिस्ती सणाला. दंतकथा आहे पण गावाने फार जीव लावून सांभाळली आहे.

म्युनिककर
सव्वातीन लिटर पिऊन तो तीन दिवस झोपला असंही सांगतात. घड्याळातला मात्र दर तासाला पितो.

रानवारा
गंभीर विषय आहे, पण कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. त्या गावात एक ज्यूंची गल्ली आहे, युडेनगासे, चौकाच्या उत्तरेला. तेराव्या शतकात या गावात रब्बी (ज्यू धर्मगुरू) मेईर राहायचे, मोठे विद्वान, दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे यायचे. राजाने त्यांना कैदेत टाकलं आणि १२९३ मध्ये ते कैदेतच गेले. मृतदेह परत मिळायला चौदा वर्षं लागली, तीही खंडणी भरून, मग वर्म्सला पुरलं. त्यांच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांत, १२९८ ला, गावातल्या ज्यूंची कत्तल झाली. पुन्हा वस्ती झाली, १५२० मध्ये पुन्हा हाकललं. एकोणिसाव्या शतकात परत आले आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये उरलेल्यांना गावाबाहेर काढलं. नाझींना हे गाव फार प्रिय होतं, खरं जर्मन गाव म्हणून कामगारांच्या सहली आणायचे इथे.

तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारंही कुणी असतं. त्या गल्लीतून जाताना दोन मिनिटं थांबा एवढंच म्हणणं आहे. व्हाइसर टुर्म या जुन्या मनोऱ्याच्या शेजारी छोटी बाग आहे, रब्बी मेईर यांच्या नावाची.

शेवंती
रानवारा, थँक्यू. हे मला काहीच माहीत नव्हतं. नक्की जाऊ.

बाकी सगळ्यांचंही वाचतेय. मुक्काम ठरला! एक रात्र. तटाच्या आत खोली मिळतेय. आता बाबांनी फोनवर विचारलंय की गावाच्या मधोमध वेशी का दिसतात नकाशावर, वेस कडेला हवी ना. उत्तर आहे का कुणाकडे?

तटबंदी
बाबांना नमस्कार सांगा, अगदी बरोबर जागेवर बोट ठेवलं त्यांनी.

गाव तीनदा वाढलं. पहिला तट बाराव्या शतकातला, लहानसं वर्तुळ. मार्कुसटुर्म आणि त्याला चिकटलेली र्‍योडरबोगनची कमान, तसाच व्हाइसर टुर्म, हे त्या पहिल्या तटाचे अवशेष. १२७४ मध्ये राजा रुडॉल्फने गावाला मुक्त शहराचा दर्जा दिला, म्हणजे मध्ये कुणी सरदार नाही, थेट सम्राटाच्या खाली. वस्ती वाढली तसा बाहेरून दुसरा तट घातला आणि आधीच्या वेशी आत राहिल्या. नंतर दक्षिणेला श्पिटाल, म्हणजे आजारी आणि वाटसरूंसाठीची धर्मशाळा, तीही आत घ्यायची ठरली. त्यासाठी तट लांब ओढला. नकाशावर ते टोपीच्या शेंड्यासारखं दिसतं आणि लोक त्या भागाला तसंच म्हणतात, काप्पनझिप्फल.

त्यामुळे चौकातून कुठल्याही बाजूला चालत जा, आधी जुनी वेस लागते, मग नवी. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसं.

आता जिथे सगळे फोटो काढतात ना, प्ल्योनलाइन, पिवळं तिरकं घर आणि मागे दोन मनोरे, तिथेही तेच. डावीकडे वर जाणारी वाट सीबर्सटुर्मकडे, म्हणजे श्पिटालकडे, आणि उजवीकडे उतरणारी कोबोलझेलर टोरकडे, दरीत. फोटो काढून सगळे मागे वळतात. तुम्ही डावीकडचा मनोरा ओलांडून सरळ चालत राहा, शेवटी श्पिटाल बस्टाय हा बुरूज येतो, आठच्या आकड्यासारखा, आत दोन अंगणं आणि वर तोफांची जागा. गोमुखी दरवाजा नाही तो, पण विचार तोच, शत्रू सरळ धावत येऊ नये, वळावं लागावं आणि वळला की चारी बाजूंनी माऱ्यात. कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय, आत येणाऱ्यांना शांती, बाहेर जाणाऱ्यांचं कुशल. एवढा मारा करायची तयारी आणि वर हे वाक्य, मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आणि क्लिंगेनटोरला सेंट व्होल्फगांगचं चर्च चुकवू नका. गावातून बघितलं तर चर्च, बाहेरून बघितलं तर बुरूज, खिडक्यांऐवजी जंग्या. धनगरांचं चर्च आहे ते, मेंढ्या राखणाऱ्यांचा संत.

मीठमिरची
तटबंदी, तुम्ही टूरच काढा, आम्ही सगळे येतो.

जुनापेठी
भर घालतो. गाव इतकं जसंच्या तसं का राहिलं याचं कारण श्रीमंती नाही, गरिबी आहे. १४०० च्या आसपास तटाच्या आत साडेपाच हजारांची वस्ती होती, त्या काळी ती मोठी. टोपलर नावाचा नगराध्यक्ष होता, त्याच्या काळात गाव वैभवात होतं, पण शेवटी त्यालाच टाउन हॉलखालच्या अंधारकोठडीत टाकलं आणि तिथेच तो १४०८ मध्ये मेला. मग तीस वर्षांच्या युद्धात फौजांनी गाव पार धुऊन नेलं. त्यानंतर दोनशे वर्षं नवीन बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. इतर शहरांनी एकोणिसाव्या शतकात तट पाडून रुंद रस्ते केले, इथे ते परवडलं नाही. मग चित्रकार यायला लागले, त्यांच्यामागून प्रवासी आले, आणि तोपर्यंत गावाला कळलं होतं की आपल्याकडे काय आहे ते.

खडीसाखर
टाउन हॉलखालच्या त्या कोठड्या बघता येतात. मध्ययुगीन गुन्ह्यांचं म्युझियमही आहे. त्याच्या बाहेर पिंजरा आहे, वजनात कमी पाव विकणाऱ्या बेकरवाल्याला त्यात बसवून पाण्यात बुचकळायचे.

मीठमिरची
आमच्या भाजीवाल्याला फोटो दाखवलाय मी :)

रानवारा
सेंट याकोबमध्ये शिल्पकार रिमेनश्नायडरची वेदी आहे ती बघा, लिंडनच्या लाकडात कोरलेलं शेवटचं भोजन, १५०० ते १५०५ च्या दरम्यानचं. रंग दिलेला नाही, नुसतं लाकूड, आणि मधोमध येशू नाही तर त्याला दगा देणारा यहूदा उभा आहे. वरच्या मजल्यावर आहे, पश्चिम टोकाला, तेवढा जिना चढावा लागेल. मागच्या खिडकीतून उजेड येतो आणि चेहरे बदलत जातात. आईंना आवडेल.

म्युनिककर
सप्टेंबर आहे तर फेडरवाइसर मिळेल, अर्धवट आंबलेली नवी वाइन, ढगाळ, गोड, कांद्याच्या केकबरोबर घेतात. बाटली आडवी ठेवू नका, झाकण सैल असतं, पिशवीभर होईल. शाकाहारी लोकांना केझेश्पेट्झल (चीज घातलेल्या घरगुती नूडल्स) कुठेही मिळतं.

कोरडवाहू
वाचनमात्र होतो, आता लिहितो. सगळे रोथेनबुर्गबद्दल बोलतायत, पण त्याच रस्त्यावर दक्षिणेला डिंकल्सब्युल आणि नॉर्डलिंगेन आहेत. डिंकल्सब्युलवर बॉम्ब पडलेच नाहीत, गर्दी कमी. आणि नॉर्डलिंगेनचा तट अख्खा गोल आहे, २.७ किलोमीटर, आणि पूर्ण फेरी फांजीवरून होते, कुठेही उतरावं लागत नाही.

मी बुलढाण्याचा आहे, म्हणून नॉर्डलिंगेन जास्त जवळचं. ते गाव उल्काविवरात वसलंय. लोणारचं विवर १.८ किलोमीटर व्यासाचं, यांचं २४ किलोमीटर, म्हणून गावात उभं राहिलं तर कळतही नाही, चर्चच्या मनोऱ्यावर चढलं की चारी बाजूंना दूरवर कडा दिसते. मनोरा ९० मीटर, पायऱ्या ३५०. ज्या दगडात चर्च बांधलंय तो आघातात तयार झालेला, त्यात सूक्ष्म हिरे आहेत. १९७० मध्ये अपोलो १४ च्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवायला इथे आणलं होतं. त्या मनोऱ्यावर अजून पहारेकरी असतो आणि रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला खाली हाक देतो. लोणारला दैत्यसुदनाच्या देवळात लहानपण गेलं, त्यामुळे विवराशी देऊळ-चर्च काहीतरी असणारच असं मला वाटून गेलं.

तटबंदी
कोरडवाहू, हाकेची गोष्ट सांगा ना, डुकरीणीची.

कोरडवाहू
हो, १४४० ची म्हणतात. पहारेकऱ्यांनी पैसे खाऊन वेस नुसती ओढून घेतली, अडसर घातलाच नाही. एक डुकरीण दाराला अंग घासत होती, दार हललं, एका बाईने बघितलं आणि ओरडली, गाव वाचलं. तीच ओरड आजही मनोऱ्यावरून देतात.

शेवंती
आलो जाऊन! उशीर झाला लिहायला, आई-बाबा अजून इथेच आहेत.

शुक्रवारी दुपारी पोचलो. र्‍योडरटोरमधून आत शिरताना बाबा थांबलेच, देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) कुठायत विचारायला लागले, मग वेशीसमोरचा खंदक, मग दोन वेशींमधलं अंतर पावलांनी मोजलं. वीस मिनिटं आम्ही गावात शिरलोच नव्हतो. चौकात गर्दी होती, घड्याळ बघितलं, आई म्हणाली, "एवढंच?" तिला नुशची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र हसली, पुढच्या तासाला पुन्हा जाऊन बघून आली.

संध्याकाळी म्युनिककर म्हणाले तसंच झालं, साडेपाचनंतर गाव मोकळं. बुर्गगार्टनला दीड तास बसलो. रात्री पहारेकऱ्याच्या मागे आई सगळी फेरी चालली, मी म्हणत होते तू खोलीवर थांब, ऐकलं नाही. त्याने बुर्गटोरच्या छोट्या दाराबद्दल सांगितलं आणि बाबा माझ्या कानात म्हणाले, "दिंडी." मी म्हटलं, बाबा, तिकडे एकांनी हेच लिहिलंय. तर म्हणाले, "मग माणूस जाणकार आहे."

सकाळी सात वाजता तट. क्लिंगेनटोरला चढलो, आई पण. सेंट व्होल्फगांग आतून आणि बाहेरून, दोन्ही. वर फांजीवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, धुकं होतं, खाली एकीकडे एक आजोबा कोबी कापत होते. पाट्या सुरू झाल्या तेव्हा जुनापेठी तुम्ही लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. मग एकेक पाटी वाचत चालायला लागले, नाव आणि मीटर, मोठ्याने, जर्मन येत नसताना. मला वाटलं आता गप्प बसणार दिवसभर. र्‍योडरटोरला उतरताना म्हणाले, "पडलेला बुरूज मी आयुष्यभर बघत आलो, कुणी परत उभा केलेला पहिल्यांदाच बघितला." आईला उतरताना दोघांनी धरलं, हळूहळू उतरली, नंतर दिवसभर काही त्रास झाला नाही.

युडेनगासेत थांबलो. रानवारा, ती बागही बघितली.

याकोब चर्चमध्ये आई एका जागी अर्धा तास. यहूदा कोण ते सांगितलं तर म्हणाली त्याचा चेहरा वाईट माणसाचा नाही केलेला. मी परत जाऊन बघितलं. खरंच नाहीये.

श्नेबाल खाल्ला (आई अंडं चालवून घेते प्रवासात). निकाल असा, पीठ चिरोट्याचंच, पण तूप नाही आणि पाक नाही. खडीसाखर, भुगा सुटतो हे मान्य. मीठमिरची, घरी आल्यावर तिने चिरोटे केले, शेजारच्या जर्मन आजींना दिले, त्यांनी कृती लिहून घेतली.

मीठमिरची
म्हणजे माझं बरोबर होतं, भाऊ आहेत ते!

जुनापेठी
बाबांचं वाक्य वाचलं आणि थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

तटबंदी
शेवंतीताई, श्पिटाल बस्टायला गेलात का? बाबा काय म्हणाले?

शेवंती
गेलो. दोन चकरा मारल्या आतून. लॅटिनचा अर्थ सांगितला तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि तोफेच्या जागेवर उभं राहून माऱ्याच्या रेषा आखून दाखवल्या मला, हाताने, मागून येणारं एक जर्मन कुटुंबही थांबून बघत होतं.

कोरडवाहू, आता एक विचारायचंय. बाबांना पूर्ण गोल तट चालायचाय, उतरायचं नाही म्हणतात. येत्या रविवारी नॉर्डलिंगेनला जायचं ठरतंय. जिने कुठल्या वेशीला सोपे आहेत, आईसाठी? आणि ती हाक ऐकायची तर रात्री दहानंतर परतीची गाडी मिळते का, की तिथेही राहावं लागेल?

कोरडवाहू
राहा. गाडीच्या भरवशावर हाक अर्धवट ऐकू नका. आईंनी एका वेशीला चढावं, थोडं चालून पुढच्या वेशीला उतरावं, बाकीची फेरी बाबांना करू द्या. पूर्ण फेरीला त्यांचा वेग बघता तासभर पुरे, पण पावलांनी मोजत चालले तर दोन धरा.